सुवार्ता सिस्टरांची तोंडी परीक्षा

माझ्या जर्मनच्या वर्गात आजवर जी माणसं येऊन गेली, त्यांत सगळ्यांत जास्त मेहनत करणारी आणि सगळ्यांत जास्त वेळा नापास झालेली व्यक्ती एकच, सुवार्ता सिस्टर. मी त्यांना शिकवलं असं म्हणायचं झालं तर कागदोपत्री म्हणता येईल. हजेरीपटावर त्यांचं नाव आहे, पावतीपुस्तकात माझी सही आहे. त्यापलीकडे मी काय केलं याचा विचार करायला बसले की अजून मान वर होत नाही.

सावेडीत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर माझा वर्ग भरतो. दोन खोल्या, एक फळा आणि खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेली, नगर सोडायला निघालेली माणसं. सुप्याच्या कंपनीत पाळ्या करून कावलेले डिप्लोमावाले, नुकतंच नर्सिंग झालेल्या पोरी, एखादा हॉटेलवाला. सगळ्यांना घाई एकाच गोष्टीची असते. परीक्षा पास व्हायची, एजन्सीला सर्टिफिकेट द्यायचं आणि विमानात बसायचं. भाषेवर प्रेमबिम असली भानगड नाही, आणि मलाही त्याचं वाईट वाटत नाही. मी स्वतः काष्टीहून पुण्याला जाऊन जर्मन शिकले ती मैत्रिणीने माझाही फॉर्म भरून टाकला म्हणून.

एका दुपारी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरी साडी, वर निळा स्वेटर, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी दोनशे पानी वही. "सलाम मॅडम," त्या नगरच्या ख्रिस्ती लोकांच्या रिवाजाने म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षांच्या बाईला तुमची भाषा येईल का?"

"भाषा माझी नाही, जर्मनांची आहे. त्यांना विचारा," मी म्हटलं. माझं बोलणं हे असं. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या आईचं मत सगळ्या काष्टीला माहीत आहे.

त्या मनापासून हसल्या, पहिल्या रांगेत येऊन बसल्या, आणि पुढची दीड वर्षं ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.

शहरातल्या एका जुन्या मिशन हॉस्पिटलात त्या बावीस वर्षं सिस्टर होत्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, राहायला हॉस्पिटलच्या मागचं क्वार्टर. हॉस्पिटलची रया गेली होती. एकेक वॉर्ड कुलूपबंद होत चालला होता आणि उरलेला स्टाफ आपला वॉर्ड कधी, याची वाट बघत होता. परदेशात नर्स पाठवणाऱ्या एका एजन्सीने सिस्टरांचं नाव यादीत घेतलं होतं, पण अट घातली होती. पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत जर्मनची परीक्षा पास झाली पाहिजे, नंतर नाही. इतर पोरींना ही एक संधी होती, सिस्टरांना एवढी एकच होती.

त्यांचा अभ्यास बघावा असा होता. हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी कापून त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूला जर्मन नावं चिकटवली होती. सलाईनचा स्टँड, बेडपॅन, ड्रेसिंगची ट्रॉली, झाडून सगळ्याला. एका मावशींनी म्हणे बेडपॅन घासताना ती पट्टी काढून टाकली, तर सिस्टर बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी ओरडल्या. वहीत मी केलेल्या प्रत्येक लाल खुणेखाली त्या तारीख टाकायच्या. आपण ही चूक शेवटची कधी केली ते कळावं, म्हणून.

बोलायच्या सरावाला त्यांना जोडीदार मिळत नसे. वर्गातल्या पोरी त्यांच्या निम्म्या वयाच्या. त्यांना सिस्टरांशी वाद घालायचा संकोच वाटायचा, आणि परीक्षेत तर वाद घालावा लागतो. मग सिस्टरांनी आपला जोडीदार आपणच शोधला. त्यांच्या वॉर्डात कर्जतकडचे एक म्हातारबाबा पायाच्या जखमेसाठी महिनाभर पडून होते. सिस्टर सकाळी जाऊन त्यांना जर्मनमध्ये विचारायच्या, झोप लागली का, दुखतंय का, भूक आहे का. बाबा आपले मराठीत उत्तर द्यायचे. "व्हय, लागली झोप. पन पाय लई ठनकतोय." मग सिस्टर जर्मनमध्ये म्हणायच्या, गोळी देते. बाबा म्हणायचे, "द्या."

"बरोब्बर उत्तरं देतात हो," त्या मला कौतुकाने सांगायच्या. "त्यांना काय कळतं कोण जाणे, पण चुकत नाहीत. आणि ते माझ्यावर डाफरतही नाहीत." हा टोमणा मला होता. त्या टोमणा इतक्या गरीब चेहऱ्याने मारत की घरी गेल्यावर लागायचा.

मी खरंच डाफरायचे. क्रियापद चुकलं की माझं डोकं फिरतं. मी आवाज चढवला की सिस्टर शांतपणे उठायच्या, माझं मनगट धरायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या. "शहाण्णव," त्या जाहीर करायच्या, तेही जर्मनमध्ये, आणि जर्मनमधले आकडे इंग्रजीच्या उलटे बोलायचे असतात ते अजिबात न चुकता. मग मला हसू यायचं आणि क्रियापद सुटून जायचं.

लेखी परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. अडलं ते तोंडीत.

नर्सेसच्या तोंडी परीक्षेत एक प्रसंग करून दाखवावा लागतो. हातात कार्ड देतात. परीक्षक रुग्णाचा नातेवाईक होतो आणि तुम्ही त्याच्याशी बोलायचं. सिस्टरांच्या कार्डावर होतं, रुग्णाची प्रकृती सकाळपासून खालावली आहे, मुलीला हे स्पष्ट शब्दांत सांगा, तिच्या प्रश्नांना उत्तरं द्या, डॉक्टरांची भेट ठरवा. सोपं कार्ड. पुण्याला परीक्षा देऊन त्या थेट वर्गावर आल्या.

"मग? काय सांगितलं?" मी विचारलं.

"त्या बाईंनी विचारलं, माझी आई कशी आहे. मी म्हटलं, होतंय बरं. तुम्ही काही खाल्लंत का?"

मला वाटलं त्या थट्टा करतायत. "जर्मनमध्ये?"

"जर्मनमध्येच. व्याकरण सगळं बरोबर होतं, मॅडम."

"अहो, कार्डावर प्रकृती खालावली असं छापलंय!"

"छापलं होतं. पण ती बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती ना."

तिने तीनदा विचारलं होतं. सिस्टरांनी तीनदा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा तिला खाली कँटीन कुठे आहे तेही सांगितलं.

आमच्याकडच्या हॉस्पिटलात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलून पुढच्या खाटेकडे जातात. घरचे लोक सिस्टरला गाठतात, "कसं हाय ओ सिस्टर?" आणि सिस्टर म्हणते, होतंय बरं. माणूस गेलेला असला तरी पाव्हण्यांना फोनवर सीरियस आहे, निघा, असंच सांगायचं. खरं काय ते कुणी कुणाला सांगत नाही, आणि शेवटी खाटेवर चादर ओढली की ज्याचं त्याला समजतं. बावीस वर्षं सिस्टरांनी हेच केलं होतं आणि फार मायेने केलं होतं. हजारो लोकांना त्यांनी जेवायला पाठवलं असेल. ही सवय मोडायची परीक्षा एका परक्या भाषेत द्यावी लागेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग आमचा सराव सुरू झाला. रोज वर्ग सुटला की मी नातेवाईक व्हायचे. कधी मुलगी, कधी नवरा, कधी भाऊ. सिस्टर फळ्याकडे बघत वाक्य घडाघडा म्हणायच्या. मी "म्हणजे काय?" एवढं विचारलं की संपलं. लगेच त्यांचा चेहरा मऊ व्हायचा आणि त्या मला जेवू घालायला निघायच्या. मी त्यांना भिंतीला सांगायला लावलं, आरशाला सांगायला लावलं. रिकाम्या खुर्चीला त्या अगदी उत्तम सांगायच्या.

"खुर्चीला जमतं, मला का नाही जमत?" मी एकदा भडकले.

"खुर्चीचं कुणी मरत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी माझा तोल सुटला. म्हटलं, हा शुद्ध भित्रेपणा आहे, तुम्ही लोकांना फसवता आणि त्याला माया म्हणता. त्यांनी नाडीबिडी मोजली नाही. वही मिटली आणि फळ्याकडे बघत सांगितलं ते असं.

त्यांचे यजमान, शांतवन, एका शाळेत शिपाई होते. कोरोनात ते सिस्टरांच्याच वॉर्डात दाखल झाले, बारा नंबरच्या खाटेवर. सिस्टर ड्यूटीवर, अंगावर तो प्लास्टिकचा झगा, तोंडावर दोन मास्क. सहाव्या दिवशी त्यांनी सिस्टरांचा हात धरला आणि म्हणाले, सुवार्ता, खरं सांग, मी राहतोय का? मला तुला एक सांगायचंय.

"मला आकडे दिसत होते समोर. मला माहीत होतं. मी म्हटलं, होतंय बरं, उद्या ऑक्सिजन काढतील. ते खूश झाले. म्हणाले, मग उद्या निवांत बोलू." सिस्टरांनी वही पुन्हा उघडून मिटली. "काय सांगायचं होतं ते राहिलंच. किती आठवून बघते. घराचं होतं, का माझ्याबद्दल होतं, का त्यांच्या मनाला काही लागलं होतं. मी त्या खाटेची चादर रोज बदलते, मॅडम. दुसरे पेशंट येतात, बरे होऊन जातातसुद्धा. मला इथून जायचंय. जिथे ती खाट नाही अशा ठिकाणी जायचंय. बाकी जर्मनीत काय आहे मला ठाऊक नाही."

मी उठून फळा पुसून टाकला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं. पुण्याच्या त्या खोलीत समोरच्या माणसाला त्यांनी स्वच्छ सांगितलं, तुमच्या आईची प्रकृती खालावली आहे. तो परीक्षक जरा नाटकी असावा. त्याने कपाळाला हात लावला, डोळे मिटले. झालं. सिस्टरांनी सांगितलेलं परत घेतलं. म्हणाल्या, पण डॉक्टरांचंही चुकतं कधीकधी, सकाळी त्यांनी थोडा चहा घेतला होता. रुग्णाबद्दल खोटी माहिती दिली, असा शेरा आला आणि पुन्हा नापास.

तिसरी खेप शेवटची. पंचेचाळीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. आम्ही दोघी वेड्यासारखा सराव करत होतो. त्या रिक्षात पुटपुटायच्या, चर्चच्या बाकावर पुटपुटायच्या, वॉर्डात चादरी घालताना पुटपुटायच्या. वजन उतरलं, डोळे खोल गेले. वर्गातल्या पोरींनी त्यांच्यासाठी आपापल्या देवाला सांगितलं. माझा देवाशी फारसा बोलण्याचा संबंध नाही, पण त्या सकाळी मीही हात जोडले.

संध्याकाळी त्या आल्या. म्हणाल्या, "खोटं नाही बोलले. खरंही नाही बोलले. गप्प बसले. त्या बाई विचारत राहिल्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग वेळ संपली."

आठ दिवसांत एजन्सीने यादीतून नाव काढल्याचा निरोप मोबाईलवर आला. तो त्यांनी मला दाखवला, आणि तेव्हा मी जे बोलले ते मला या जन्मी विसरता येणार नाही. दीड वर्षाची माझीही मेहनत वाया गेली होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "तुम्हाला भाषा चांगली येते, सिस्टर. तुम्हाला सांगता येत नाही. त्याचा क्लास माझ्याकडे नाही."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. वही पिशवीत ठेवली, खुर्ची नीट लावली, सलाम मॅडम म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर आमची गाठ एकदाच पडली. आता ते हॉस्पिटलही पुरतं बंद झालंय आणि क्वार्टरला कुलूप आहे. कुणी म्हणतं शेवगावकडे भावाकडे गेल्या, कुणी म्हणतं पुण्याला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळतात. फोन लागत नाही. म्हणून ती एक सकाळच काय ती माझ्याकडे आहे.

माझे वडील, अण्णा, काष्टीच्या बाजारात चालता चालता कोसळले. मेंदूत रक्तस्राव. नगरला आणलं तर दोन ठिकाणी खाट नव्हती, तिसऱ्या ठिकाणी मिळाली, आणि स्ट्रेचर आत नेताना मी पाटीकडे पाहिलं तर सिस्टरांचं हॉस्पिटल. सिस्टरांनीच पुढे होऊन स्ट्रेचर धरलं. मला ओळख दिली, पण बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी अण्णांचं सगळं केलं. तोंड पुसणं, कूस बदलणं, सगळं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते आणि त्या माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, चुलतभावाला इंग्रजीत चार शब्द सांगून गेले. भाऊ म्हणाला, बघू म्हणतात. आई तेवढ्यावर उठली. दोन दिवस बाकड्यावर बसून तिची कंबर धरली होती. पिशवी घेतली आणि म्हणाली, "मी काष्टीला जाऊन येते. गाय व्यायला झालीय, बघाया पायजे. आन् यांचं धुतलेलं धोतर, टोपी आनते. घरी सोडतील तवा लागंल." भाऊ गाडी काढायला खाली गेला.

तेवढ्यात सिस्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना सरळ, परीक्षेत उभं राहावं तसे. आणि त्या जर्मनमध्ये बोलल्या. "इअर फाटर विर्ड हॉयटं श्टेर्बन." तुमचे वडील आज जाणार. मग पुढे, त्याच भाषेत, श्वास बदललाय, आता फार वेळ नाही, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय, आईंना जाऊ देऊ नका. पाच वाक्यं. माझ्या डोळ्यांत बघून सांगितली. चूक एकही नव्हती. मी शिक्षिका आहे, माझे वडील मरत होते आणि मी चूक शोधत होते. आजूबाजूला आई, चुलती, शेजारच्या खाटेवरचे लोक, कुणालाही एक अक्षर कळलं नाही. एवढ्या गर्दीत त्यांनी ते मला एकटीला सांगितलं होतं.

"काय म्हनल्या गं सिस्टर?" आईने विचारलं. "कोन्च्या भाषेत बोलल्या?"

मी आईकडे बघितलं. पदर खोचलेला, पिशवी काखेत, चेहऱ्यावर दोन दिवसांची राहिलेली झोप. माझ्या तोंडून सहज गेलं, "काही नाही. औषध बदललंय म्हणतात. तू जाऊन ये."

मी. जिच्या जिभेला हाड नाही ती. मराठीत, माझ्या स्वतःच्या भाषेत, माझ्या आईला मला सांगता आलं नाही. आई "बरं" म्हणून दाराकडे निघाली. मला तिला थांबवायचं होतं, पण मी सिस्टरांकडे बघितलं ते अगदी भिकाऱ्यासारखं.

सिस्टर दारात गेल्या. आईच्या काखेतली पिशवी काढून घेतली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आई, घरी जाऊ नका. ते आता राहत नाहीत."

"आँ?" आई म्हणाली.

"आज जातील ते. तासाभरात. मी खरं सांगतेय, आई. जवळ बसा. काय बोलायचं असेल ते आत्ता बोलून घ्या, त्यांना ऐकू जातं."

आईने आरडाओरड केली नाही. सिस्टरांनी तिला हाताला धरून आणलं, स्टूल ओढलं, अण्णांचा हात चादरीखालून काढून तिच्या हातात दिला आणि खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला. मी बाहेरच राहिले. आत आई बोलायला लागली, हळूच, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बोलते तशी. "अवो," ती म्हणाली, "गाय आज व्यानार बगा. मला वाटतं कालवडच व्हईल..." आणि मग ती थांबेचना.

खाली गाडी काढून भाऊ वर आला, मागून दोन पाव्हणे आले, कुणी डबा घेऊन आलं. सिस्टर पडद्याला पाठ लावून उभ्या होत्या. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. जो कोणी पुढे येईल त्याला हात आडवा करून थांबवत होत्या.